लिटरभर डिझेल आणि पुढची सीट

माझा मामा एका सरकारी कचेरीत ड्रायव्हर होता. साहेब बदलत राहिले, जीप मात्र तीच होती. मामा निवृत्त झाला त्याच सुमारास कचेरीनं ती जीप मोडीत काढली, लिलावात ठेवली, आणि मामानं ती घेतली. मामीला कळलं तेव्हा जीप दारात उभी होती.

आमच्या गावाहून पालम आणि पालमहून पुढं गंगाखेडच्या रस्त्याला तो माणसं नेऊ लागला. एस.टी. होती, पण कधी येईल ते सांगता येत नसे. जीपगाड्या इतरांच्याही होत्या. त्यांच्यात ड्रायव्हरशेजारची सीट मोठ्या घरातल्या माणसासाठी मोकळी ठेवत. तो आला नाही तरी मोकळीच. आमच्या वस्तीतली माणसं मागच्या फळकुटावर नाहीतर दांडीला धरून. मामाच्या गाडीत एकच नियम होता, जो आधी येईल तो पुढं. वडिलांनी एकदा त्याला विचारलं, कशाला उगीच वाकडेपणा घेतोस. मामा म्हणाला, "त्या सीटवर कोण बसायचं ते इतके दिवस मला दुसऱ्यांनी सांगितलं. आता मी सांगायलोय."

मला हे फार आवडायचं. आमच्या घरात पाटी-पुस्तकाच्या आधी पत्रकं आली. विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं वडील गठ्ठ्यानं आणत, आणि त्यातल्या ठळक मथळ्यांवर बोट ठेवून मी अक्षरं शिकले. समता हा शब्द मला लिहिता आला तेव्हा तो कुठं दिसतो हे मात्र ठाऊक नव्हतं. मामाच्या जीपमध्ये तो दिसला. रेक्झिनची सीट, मधून फाटलेली, आत काथ्या.

पण ही समता पेट्रोल लय पिई. लिटरला सहा, फार तर सात किलोमीटर. भाडं टाकीत जाई, कधी पेन्शनही टाकीत जाई. पालमच्या एका दुकानदाराला माल आणायला जीप हवीच होती. त्यानं दोनदा निरोपही पाठवला होता. मामी म्हणे, देऊन टाका.

तेव्हा पालमच्या मिस्त्रीनं तोड काढली. पेट्रोलचं इंजिन उतरवायचं आणि एका मोडीत निघालेल्या गाडीचं डिझेल इंजिन त्या जागी बसवायचं. तो छातीला हात लावून म्हणाला, लिटरला पंधरा मिळतील. गावात चर्चेला दुसरा विषय उरला नाही. चहाच्या टपरीवर कुणी अठरा म्हणालं, कुणी वीस. ज्याच्या विहिरीवर डिझेल पंप होता त्याला या बाबतीत मोठा मान आला. जीप अजून खोलायचीच होती, आणि तिचं अ‍ॅव्हरेज रोज वाढत होतं. वरचं अंग एकाचं, इंजिन दुसऱ्याचं, म्हणून तिला संकरित ज्वारीवरून 'हायब्रीड' नाव पडलं. एक म्हातारा म्हणाला, हायब्रीडच्या भाकरीनं पोट भरतं, पण चव नसती, गाडीचं बी तसंच व्हईल बघा.

मामीनं मात्र मिस्त्रीचा आकडा दिलेल्या शब्दासारखा धरला. पंधरा आले तर गाडी राहील, नाही आले तर दुकानदाराला जाईल. मामानं हो म्हटलं. मी अकरावीत होते, आश्वासनांवर माझा राग होता. ठराव होतो, घोषणा होते आणि अंमल होत नाही, हेच मी लहानपणापासून वाचत आले होते. तरी मिस्त्रीच्या पंधरावर मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता.

इंजिन बसलं. गाडी आता ट्रॅक्टरसारखी हादरू लागली, बसलेल्याचे दात वाजत. मापाच्या दिवशी मिस्त्रीनं पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात मापून लिटरभर डिझेल घेतलं, डबा समोरच्या काचेच्या चौकटीला तारेनं टांगला आणि नळी इंजिनाला जोडली. गाडीचा मीटर साहेबांच्या काळापासून बंद होता. म्हणून पालमहून गावाकडं येताना रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायचे, ते काम माझं. मामी साक्षीला. ती त्या गाडीत पहिल्यांदाच बसत होती. मिस्त्री आधी आला म्हणून तो पुढं बसला. त्यानं बजावलं होतं, गाडी रिकामी न्यायची, मध्ये थांबायचं नाही.

सगळं ठरलं, फक्त तो पालमच्या बाजाराचा दिवस आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पालम सोडून तिसरा दगड गेला न गेला तोच रस्त्यावर हात उठला. आमच्या वस्तीतली एक म्हातारी आजी, डोक्यावर बोचकं. मामाचा पाय ब्रेकवर गेला. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. आजीला मागं चढता येईना, तेव्हा मामानं मिस्त्रीकडं नुसतं पाहिलं. मिस्त्री उतरून मागं दांडीला लटकला आणि आजी पुढं, डब्याच्या समोर. पुढं प्रत्येक हाताला गाडी थांबली. बाजाराहून परतणारी बाया-माणसं, कोंबड्या, मिठाची पोती. मिस्त्री मागून ओरडत राहिला, की नियम मोडला, हे माप धरता येत न्हाई.

आजीला डब्यातल्या डिझेलवर लक्ष ठेवायचं काम कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते आपणहून घेतलं. "उतरायलंय," ती थोड्या थोड्या वेळानं सांगायची. "अजून उतरायलंय."

मग एका फाट्यावर आमच्या गावातल्या मोठ्या घरातले एक गृहस्थ उभे दिसले. धोतर, टोपी, हातात छत्री. ते सवयीनं पुढच्या बाजूला आले. आजीनं त्यांच्याकडं बघितलं, मग डब्याकडं, आणि ती हलली नाही. मामा समोर रस्त्याकडं बघत राहिला. मग गृहस्थांनी धोतर सावरलं, ते मागं आले आणि मामीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. कोंबडी त्यांच्या पायाशी होती. मामीनं पदर नीट केला.

बाराव्या दगडाच्या थोडं पुढं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. "संपलं," आजी म्हणाली.

डिझेल असं संपलं की नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन उठत नाही. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून हवा काढू लागला. सगळे खाली उतरले. मी तावातावानं भाषण सुरू केलं. करार रिकाम्या गाडीचा होता, ही चाचणी अन्यायाची आहे, ती पुन्हा घेतली पाहिजे. पत्रकातले सगळे शब्द मी त्या बाभळीखाली वापरले. गृहस्थ छत्री टेकवून ऐकत होते.

मामा म्हणाला, "रिकामी कवा चालवणार हाय मी, पोरी? खरं हे बाराच." आणि मामीकडं बघून तो म्हणाला, "दुकानदाराला सांगून येतो उद्या."

मामी त्याच्याकडं बघत नव्हती. आजी सगळ्यांबरोबर उतरली नव्हती. ती पुढच्या सीटवर तशीच बसून, रिकाम्या डब्यावर नजर ठेवून होती. मामी बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली.

"सहाचे बारा झाले की," ती म्हणाली. "लय झाले. काय सांगू नका त्याला."

मामानं टोपी काढून पुन्हा घातली.

हवा निघाली, इंजिन हादरलं, माणसं परत चढली. मिस्त्री अजून शपथेवर सांगतो की रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पंधराच आहे. मी त्याच्याशी वाद घालत नाही. नामांतर अजून झालेलं नाही, पत्रकं अजून निघतात, आणि आता त्यातली काही मीच लिहिते. गठ्ठे मामाच्या सीटखालून जातात. जीप रोज पालमच्या रस्त्याला धावते, पण ती रिकामी कधी नसतेच, त्यामुळं मिस्त्रीचा आकडा खरा की खोटा हे कुणालाच तपासता आलेलं नाही.