ड्रॉप्स चमच्याने देऊ नका

"ताप केव्हाच उतरलाय. हे औषध जास्त झालंय. लिव्हर सुजलंय," नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. माझा सात महिन्यांचा भाचा ओकून ओकून निपचित पडला होता.

आक्का, माझी थोरली बहीण, खर्ड्याची. दर साली श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जाते. उसाच्या फडात निघताना बाळ कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, थांबणाऱ्या चुलतसासूकडे द्यायचं, ही टोळीची रीत. बाळाला ताप आला. आक्का पहाटे आणि संध्याकाळी औषध द्यायची, मधे रडलं की चुलतसासू द्यायची. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. त्यात बाटली ड्रॉप्सची. ड्रॉपर हरवला, म्हणून थोरल्या लेकीच्या सिरपसारखं चमचाभर. दोन्हींवर नाव एकच, पॅरासिटामॉल. पण ड्रॉप्सच्या एका मिलीत जेवढं औषध असतं, तेवढं सिरपच्या जवळपास अख्ख्या चमच्यात असतं. औषध विकणाऱ्याने बाळाचं वजनही विचारलं नव्हतं.

मी वॉर्डात सगळ्यांसमोर आक्कावर ओरडले, एवढं कळू नये?

तिने मान वर केली नाही. "तूच कागद वाटलास न्हवं टोळीत? अंगारा लावू नका, पॅरासिटामॉल द्या. दिलं की आमी. किती द्यायचं ते कुठं लिव्हलं हुतं?"

नव्हतं लिहिलं. मी वाटलेल्या कागदावर घोषणा ठळक होत्या, माप नव्हतं.

मग रोज एलएफटी, म्हणजे लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारी रक्ततपासणी. सलाइनमधून ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे या औषधावरचा उतारा. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येणार नाही. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी आकडे उतरू लागले. पाचव्या दिवशी पोरगं दुधासाठी भोकाड पसरून रडलं.

तुमच्या घरी तान्हं असेल तर ऐका. माप बाळाच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. बाटलीसोबतचंच माप वापरा. हरवलं तर दुकानातून औषधाची पिचकारी, म्हणजे बिनसुईची सिरिंज आणा, चमचा नको. औषध दिल्याची वेळ बाळ सांभाळणाऱ्या माणसाला सांगा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, दोन्ही एकदम देऊ नका. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर घरी औषध देत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी सिस्टरनी आक्काला पिचकारीत मापाच्या रेघेपर्यंत पाणी भरायला लावलं. तीनदा भरलं, तिन्ही वेळा बरोबर. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, कारण मग त्यांनी पिचकारी माझ्या हातात दिली.

मी रेघेच्या पुढे भरलं. आक्काने माझं बोट धरून नेमकी रेघ दाखवली.