उखाण्यातली मोकळी जागा

काल वैदेहीच्या लेकीचा फोन आला. "काका, लग्नात उखाणा घ्यायचाय. आई सेज यू आर द बेस्ट! नावाची जागा मोकळी ठेवा, मी भरते."

मोकळी जागा म्हटल्यावर मी मिशिगनमधल्या नोव्हायच्या किचनमधून थेट टेक्ससमध्ये, रिओ ग्रांदे नदीच्या काठी जाऊन पडलो.

खूप वर्षांपूर्वी आम्ही तिथल्या जुन्या स्पॅनिश मिशनच्या चर्चचे अवशेष बघायला गेलो होतो. मी, वैदेही आणि माझा रूममेट समीर. समीरला मीच आणलं, कारण गाडी त्याची. छप्पर उडालेलं, घंटेच्या रिकाम्या कमानीत पारवे, तापलेल्या दगडांचा वास. वैदेही हळूच म्हणाली, "माझ्यासाठी एक उखाणा कर ना. नावाची जागा मोकळी ठेव."

लाजतेय बिचारी, असं समजून मी जीव ओतला. माझं नाव त्यात बसतं का, तेही मनात म्हणून पाहिलं. छान बसत होतं.

मग नदीवर गेलो. समोर मेक्सिकोला जाणारा पूल. कठड्याला टेकून वैदेहीने उखाणा घेतला:

"घंटा गेली, तरी मिशनच्या भिंतीत घुमतो नाद,
समीररावांनी नदीकाठी घातली मला साद."

"यार, तुला आज सांगणारच होतो," समीर म्हणाला.

मी टाळ्या वाजवल्या. येताना पुढच्या सीटवर होतो, परतताना मागे बसलो. आज सगळ्यात जास्त डाचतं ते हे, की समीरचं नाव त्यात माझ्यापेक्षा चांगलं बसलं होतं.

"काका, आहात ना?"

"आहे गं. आधी मुलाचं नाव सांग. मोकळ्या जागेचे उखाणे मी आता करत नाही."