चिमट्याचे आटे

पहिली चूक प्रस्तुत लेखकाची, हे आधीच कबूल केलेलं बरं. कारण या गोष्टीत पुढे कबुली द्यायला कोणी तयार होणार नाही.

झालं असं, की लेखकाने थोरल्या बहिणीचा रोलचा कॅमेरा न विचारता उचलला. त्याच्या शटरच्या बटणावर एक लाल टिकली होती. टिकली म्हणजे बटणाच्या मधल्या भोकात पिळून बसवायचा धातूचा गोल तुकडा. बोट टेकायला जागा मोठी होते, बटण हलक्या हाताने दाबलं जातं आणि, खरं सांगायचं तर, कॅमेरा जरा नटतो. ही टिकली सारखी सैल व्हायची. एकदा गटाराच्या जाळीच्या दोन बोटं अलीकडे पडली, तेव्हा लेखकाला शहाणपण सुचलं. चपलेचा अंगठा चिकटवायला आणलेल्या गोंदाचा एक थेंब त्याने आट्यांवर सोडला आणि टिकली पिळली. टिकली बसली. पण अशी बसली की तिच्याबरोबर बटणही बसलं, ते काही केल्या वर येईना.

म्हणून कॅमेरा चिमट्याकडे न्यावा लागला.

चिमट्याने भिंग डोळ्याला लावलं, टिकलीकडे बघितलं, मग भिंग न काढताच लेखकाकडे बघितलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"शिकलेले दिसता."

"हो, म्हणजे…"

"तरीच."

त्याला तोंडावर सगळे काका म्हणतात आणि पाठीमागे चिमटा. हातात कायम चिमटा असतो हे एक कारण. दुसरं कारण त्याच्यासमोर दोन मिनिटं उभं राहिलं की आपोआप कळतं. कॅमेरे दुरुस्त करायला लागून त्याला सदतीस वर्षं झाली. या सदतीस वर्षांत त्याने जगाची दोन भागांत वाटणी करून टाकली आहे: ज्यांना स्क्रू पिळता येतो ते, आणि बाकीचे. पहिल्या भागात तो स्वतः आहे. ज्याच्याकडे तो हे काम शिकला तो म्हातारा पूर्वी त्याच भागात होता, पण वारला. त्यामुळे आता तिथे ऐसपैस जागा आहे.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांना तो माणसांत धरत नाही. समारंभात फोटो काढणाऱ्यांना 'हलवाई' म्हणतो, कारण ते सगळ्यांना गोड करून देतात. मध्यंतरी दहा-बारा वर्षं रोलचा कॅमेरा कोणी फुकट घेईना, तेव्हा चिमटा गिऱ्हाइकाला 'कदर नाही' म्हणून शिव्या घालायचा. मग एकाएकी पोराटोरांना हौस आली, आजोबांच्या कपाटातले कॅमेरे नातवांच्या गळ्यात आले आणि चिमट्याच्या टेबलावर रांग लागली. तेव्हा तो 'फॅशन आहे' म्हणून शिव्या घालू लागला.

दुकानाचा पुढचा भाग मेहुण्याचा. मेहुणा म्हणजे चिमट्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी सुटल्यावर ताईने त्याला इथे काउंटरवर उभा केला. मध्ये प्लायवूडचा आडोसा, त्यामागे खिडकीपाशी चिमट्याचं टेबल. मेहुणा रोल, पट्टे, पिशव्या विकतो आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं. समोर मेहुणा नसता, तर चिमट्याकडे एकदा आलेलं माणूस दुसऱ्यांदा फिरकलं नसतं. चिमट्याला हे माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं वागणं त्याला छान जमत होतं.

दोन वर्षांपूर्वी मेहुण्याने टिकल्या आणल्या. लाल, निळ्या, पितळी, काही मधे खोलगट, काही फुगीर. पोरं तुटून पडली. चिमट्याने एक टिकली चिमट्यात धरली आणि मेलेलं झुरळ धरावं तशी लांब नेली.

"बोटाला गादी लागते यांच्या? उद्या डोळ्याला उशी आण."

"खपतात हो भाऊजी."

"खपणारच. खपतं ते सगळं असंच असतं."

इथवर ठीक होतं. पण महिन्या-दोन महिन्यांनी टिकल्या परत यायला लागल्या. कोणाची बसमध्ये पडली, कोणाची जिन्यात, कोणाची चालता चालता कुठे गेली पत्ताच नाही. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन 'पडली' म्हणायचा अवकाश, आडोशामागून आवाज यायचा, "पडणारच! माल खोटा!" मेहुणा हसून दुसरी टिकली द्यायचा. ती पण पडायची. आडोसा पुन्हा ओरडायचा.

असं दीड वर्ष चाललं. हसण्यालाही आटे असतात, ते घासले जातात. एके दिवशी मेहुणा आडोशाच्या आत आला. तिथे तो सहसा येत नसे.

"भाऊजी, एकदा माल खोटा, एकदा गिऱ्हाईक खोटं. हात कधी खोटा नसतोच का हो कुणाचा?"

"माझ्या हाताखालून गेलेला आटा फिरत नाही. जा, विचार गावात."

"गावात कशाला? शनिवारी माल देणारा येतोय. सगळा बॉक्स परत करतो आणि काउंटरही आवरतो. चष्म्याच्या दुकानात माणूस हवाय, त्यांना हो म्हणून आलोय."

"जा की. चष्मे तरी डोळ्यांवर असतात, पडले तर दिसतात."

मेहुणा गेला नाही, पण त्या दिवसापासून दुपारचं जेवायला ताईकडे येणं त्याने बंद केलं. काउंटरमागे उभं राहून पाव खायचा. घरी बायकोने चिमट्याला वाढलं, समोरची रिकामी खुर्ची पाहिली आणि म्हणाली, "दुसऱ्यांचे आटे तपासता ना? एकदा स्वतःच्या डोक्याचे बघा. घासलेत."

"माल खोटा आहे त्याचा."

"माझा भाऊ आहे तो. त्याला मी आणलाय. तो गेला तर पुढे जाऊन गिऱ्हाइकाशी तुम्ही बोला. बघू किती दिवस चालतं दुकान."

चिमट्याने आमटी भुरकली. भुरकताना बोलावं लागत नाही.

लेखकाचा गोंदवलेला कॅमेरा नेमका याच आठवड्यात टेबलावर आलेला. चिमट्याने औषधात भिजवून टिकली सोडवली, भोकातला गोंद खरवडला, टॅप फिरवून आटे नव्यासारखे साफ केले. टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, पोलादी काडीसारखं. बुधवारी बहीण स्वतः कॅमेरा न्यायला आली. बहीण दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यात बारीक स्क्रू पिळून खोटे दात बसवणं हाच तिचा उद्योग. धाकट्या भावाविषयी तिचं आणि चिमट्याचं एकमत व्हायला अर्धं मिनिट पुरलं.

"मूर्ख आहे तो," बहीण म्हणाली.

"गोंद!" चिमटा म्हणाला. "आट्यात गोंद! शाळेत काय शिकवतात कोण जाणे."

मग तिने टिकली पिळली, अंगठ्याने हलवून पाहिली. टिकली सैल दातासारखी डुलली.

"काका, हे हलतंय."

"टिकली खोटी. त्या काउंटरवरचा सगळाच माल तसला."

मेहुणा काउंटरवर पट्टे लावत होता. त्याचे हात थांबले, पण त्याने मान वळवली नाही.

बहिणीने पर्समधून स्वतःचं भिंग काढलं. चिमट्यासमोर आजवर कोणी स्वतःचं भिंग काढलं नव्हतं. तिने टिकलीचे आटे पाहिले, मग बटणाचं भोक पाहिलं. शेल्फवर एक जुना कॅमेरा शोभेला ठेवला होता, कधी न उघडलेला. न विचारता तिने तो खाली घेतला (हा गुण आमच्या घरातच आहे) आणि तीच टिकली त्याच्यात पिळली. टिकली दोन वेढ्यांत गच्च बसली. कॅमेरा उलटा करून झटकला तरी पडली नाही.

"टिकलीला काही झालेलं नाही हो काका. ती खाली निमुळती आहे, माझ्या बटणाचं भोक मात्र वरपासून खालपर्यंत सरळ आहे. वरच्या एका आट्यावर लटकतीये बिचारी. माझा कॅमेरा चार वर्षांपूर्वी तुमच्याकडेच आला होता ना?"

"डॉक्टरबाई, तुम्ही दात बघा."

"दातच बघतेय. याची हिरडीच गेलीये."

काउंटरवर मेहुण्याला ठसका लागला. तो ठसका होता की हसू, हे चिमट्याने विचारलं नाही. "शनिवारी या," एवढंच म्हणाला आणि आडोशामागे गेला.

गुरुवारी दुपारी मेहुणा पाव आणायला बाहेर पडल्याचं पाहून चिमट्याने खालच्या खणातला पत्र्याचा डबा काढला. त्यात मोडलेल्या वस्तू असतात. चांगल्या वस्तू त्याला टाकवतात, मोडलेल्या टाकवत नाहीत. तळाशी त्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचा टॅप होता, नऊ वर्षांपूर्वी मोडलेला, दोन तुकडे. ते त्याने पांढऱ्या कागदावर टोकाला टोक लावून ठेवले आणि शेजारी सध्याचा टॅप ठेवला. खिडकीतून उजेड स्वच्छ येत होता. तो थोडा कमी आला असता तर बरं झालं असतं.

म्हाताऱ्याचा टॅप शेंड्याकडे बारीक होत गेलेला, नीट तासलेल्या पेन्सिलीसारखा. त्याचा स्वतःचा टॅप वरपासून खालपर्यंत सारखा, मठ्ठ, खिळ्यासारखा.

चिमट्याला हार्डवेअरचं दुकान आठवलं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं होतं, "सरळ देऊ की निमुळता?" आणि चिमटा म्हणाला होता, "आटा तो आटा. मला शिकवू नकोस, दे." त्या माणसाने मुकाट्याने दिला होता. चिमट्याला शिकवायला गेलेलं माणूस नेहमी मुकाट्यानेच परत जातं.

नऊ वर्षं. त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या बटणात त्याने तो मठ्ठ खिळा फिरवला होता. साफसफाई म्हणून, वरकड काम म्हणून, प्रेमाने. पहिली सात वर्षं कोणाला कळलं नाही, कारण त्या भोकात कोणी काही घालतच नव्हतं. मग मेहुण्याने टिकल्या आणल्या. आधी भोकं चिमट्याने बिघडवायची, मग ते बिघडलेले कॅमेरे टिकली घ्यायला मेहुण्याकडे यायचे, आणि आडोशामागून ओरडायचंही चिमट्यानेच: माल खोटा!

त्याने आणखी तीन कॅमेऱ्यांवर टिकली लावून पाहिली, न जाणो. दोन त्याच्या हाताखालून गेलेले होते. दोन्हींत टिकली डुलली. तिसरा त्याच सकाळी आलेला, अजून न उघडलेला. त्यात ती गच्च बसली. चिमट्याला त्या तिसऱ्या कॅमेऱ्याचा फार राग आला.

शुक्रवारभर तो कोणालाही काही बोलला नाही. मेहुण्याला वाटलं, तब्येत बरी नाही. बायकोला वाटलं, काहीतरी फोडलंय.

शनिवारी माल देणारा आला. मेहुण्याने टिकल्यांचा बॉक्स काउंटरवर ठेवून सुतळी बांधायला घेतली. पहिली गाठ बसत होती तेवढ्यात चिमटा आडोशाच्या बाहेर आला. गिऱ्हाइकाच्या बाजूला तो आल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. बाहेर तो जरा बुटकाच निघाला.

"सोड ती सुतळी."

"का?"

"बॉक्स राहू दे म्हणतो."

"भाऊजी, माल खोटा आहे ना?"

माल देणाऱ्याने कान टवकारले. "कोण म्हणतं खोटा?"

"कोणी नाही," चिमटा म्हणाला. "तुम्ही निघा." मग मेहुण्याकडे न बघता, समोर टांगलेल्या पट्ट्यांना उद्देशून तो बोलला, "ज्यांच्या टिकल्या पडल्या त्यांना कॅमेरे घेऊन बोलव. बटणं बदलून देतो. भंगारातल्या कॅमेऱ्यांची आहेत माझ्याकडे, न छेडलेली. तोवर खाली रबराची चकती घालून दे."

"काय सांगू त्यांना? कशाने झालं म्हणून?"

चिमट्याने समोरचा एक पट्टा सरळ केला.

"आटे जुने झाले म्हण."

"कोणाचे?"

"कॅमेऱ्यांचे! आणखी कोणाचे असतात?"

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. बुधवारी त्याने सगळं ऐकलं होतं. गुरुवारी पाव घेऊन आल्यावर टेबलावर राहिलेला कागद आणि त्यावरचे दोन टॅपही पाहिले होते. तो चष्म्याच्या दुकानात उभा राहणार की इथेच, हे आता एका शब्दावर होतं, आणि तो शब्द काही येत नव्हता. शेवटी त्याने स्वतःच गाठ सोडली.

"राहतो. पण भाऊजी, तुमच्याकडून एक शब्द येणं आहे."

"कुठला?"

"तुम्हाला माहितीये."

"देईन. पळून चाललोय का मी?"

त्या दुपारी मेहुणा घरी जेवला. ताईने भावाला दोनदा वाढलं, नवऱ्याला एकदाच. बहीण संध्याकाळी आली. नव्या बटणात टिकली गच्च बसली, तशी ती म्हणाली, "हां, आता हिरडी बरी आहे." आणि चिमट्याला म्हणावंच लागलं, "गोंदवाल्या भावाला सांभाळा." कोणाला तरी काहीतरी बोलल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नाही.

याला आता आठ महिने झाले. बदललेली बटणं साठच्या वर गेली. नवा टॅप आला, निमुळता. हार्डवेअरवाल्याने पुन्हा विचारलं तेव्हा चिमट्याने त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, म्हणे. आडोशामागून ओरडणं बंद नाही, फक्त आता 'माल खोटा'च्या जागी 'रोल खोटा' आहे.

मेहुणा अजून शब्दाची वाट बघतो. मागच्या आठवड्यात दुकान बंद करताना चिमटा त्याच्याजवळ आला, घसा साफ केला, पायाने फरशी घासली आणि म्हणाला, "हे बघ… चुक…"

मेहुण्याने किल्ल्या खाली ठेवल्या.

"चुका संपल्यात," चिमटा म्हणाला. "अर्ध्या इंचाच्या. आडोशाची पट्टी निघालीये, ठोकायला हव्यात. येताना पुडी घेऊन ये."

मेहुण्याने दुसऱ्या दिवशी चुकांची, म्हणजे त्या बारीक खिळ्यांची, पुडी आणली आणि टेबलावर चिमट्यासमोर ठेवली.

"या घ्या तुमच्या चुका," तो म्हणाला.

चिमट्याने मोजूनही न घेता त्या खणात टाकल्या. पट्टी अजून लोंबते आहे.