आखाजीच्या दिवशीची सुटका

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी येते. निंबाला झोके बांधतात. झोका दिसला की ती घटना मला आजही आठवते, आणि मी रस्ता बदलतो.

तेव्हा मी जळगावातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आखाजीच्या दुपारी मुलींच्या बालगृहातून फोन आला. दहा वर्षांची मुलगी बेपत्ता. सकाळी दात्यांनी आमरसाचं जेवण दिलं होतं. पोरींना ताटासमोर बसवून फोटो चालले होते. पाहुणे गेल्यावर मोजलं, तर एक पोर कमी. अधीक्षक मॅडमनी आम्हाला हॉलमध्ये बसवून फिर्याद दिली, "सकाळी एक अनोळखी बाई गेटवर घुटमळत होती. तिनेच पळवली." अल्पवयीन मूल हरवलं की अपहरणाचाच गुन्हा दाखल होतो. तसा केला.

बसस्थानकावर एका कंडक्टरकडून खबर मिळाली. "अमळनेरच्या गाडीत बसल्या दोघी. पोरगी खिडकीसाठी भांडत होती साहेब. पळवलेली पोरं खिडकीसाठी भांडत नाहीत."

"तू तिकिटं फाड," मी म्हणालो.

अमळनेरला विचारत विचारत जवळच्या एका गावात पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. पोरगी झोक्यावर उभी होती, खाली गावच्या मुली गाणी म्हणत होत्या. झोका देणारी विशीतली बाई आम्हाला पाहून थांबली. पळाली नाही.

"कोण ही तुझी?"

"धाकटी बहीण. मीही तिथंच वाढले, साहेब."

"मग न विचारता आणलीस?"

"विचारलं ना! गेटवर मॅडमना म्हटलं, आखाजीला आलेय, बहिणीसोबत दोन घास खाते. तर म्हणाल्या, तुला अठरा झाले, फाइल बंद. हे काय तुझं माहेर आहे? मग ही गर्दीतून माझ्याकडे पळत आली. म्हटलं, मला नाही तर नाही, हिला तरी माहेर असू दे."

"मॅडम तर म्हणतात, अनोळखी बाई."

ती हसली. "माझं कन्यादान त्यांनीच केलं. हॉलमध्ये मोठा फोटो लावलाय बघा."

त्याच फोटोखाली बसून मी फिर्याद लिहून घेतली होती.

तिची सासू पुढे आली. "साहेब, आखाजीना दिन शे. बठ्ठ्या पोरी झोका खेळी ऱ्हायन्यात, हाई एकलीच गाडीमा बसी का?"

दोरावरची धाकटीची बोटं महिला कॉन्स्टेबलला एकेक करून सोडवावी लागली.

परत आल्यावर मॅडमना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "तो दात्यांसाठी असतो साहेब. संस्थेच्या दृष्टीने ती बाहेरचीच." इतकी वर्षं जिच्या ताटात वाढलं, जिचा हात नवऱ्याच्या हातात दिला, ती बाहेरची! माझं डोकं तडकलं. त्याच क्षणी त्यांचा पुरवणी जबाब घ्यायला हवा होता. "फिर्यादी आरोपीस ओळखते," एवढं एक वाक्य. वरिष्ठ म्हणाले, "संस्थेशी वाकडं कशाला घेता? पोरगी मिळाली ना?" मी पेन खिशात ठेवलं.

"अनोळखी" या एका शब्दावर दोषारोपपत्र गेलं. मोठीला जामीन मिळाला, पण केस चालू आहे म्हणून भेट बंद झाली. धाकटीला "सुरक्षिततेसाठी" धुळ्याच्या संस्थेत हलवलं. मोठी दर आखाजीला सांजोऱ्यांचा डबा घेऊन ठाण्यात यायची. "साहेब, कुठं ठेवलंय तेवढं सांगा." मला माहीत होतं. मी म्हणायचो, "नियमात बसत नाही." पुढे ती निर्दोष सुटली, तेव्हा माझी बदली झाली होती. तिला शोधून सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी धुळ्याला फोन केला.

"ती? तिला अठरा झाले. फाइल बंद."

"गेली कुठे?"

"ते आम्हाला कसं माहीत असणार, साहेब?"

या मुलांना आपण छप्पर देतो, ताट देतो, ताटासोबत त्यांचा फोटोही काढतो. अठरा झाले की ओळख विसरतो. गुन्हेगार ओळखण्यात माझी नोकरी गेली. हा गुन्हा माझ्या डोक्यावर भिंतीला टांगलेला होता, तो मला दिसला नाही. दिसला, तेव्हा मी लिहिला नाही.

स्टेशन डायरीत त्या दिवसाची नोंद माझ्याच अक्षरात आहे: "अपहृत मुलीची सुखरूप सुटका."

सुटका! पोर माहेरी झोका खेळत होतं.