भंगारवाला घेत नाही ते

भंगारवाल्यानं तोंड वाकडं करून परत दिलेलं प्लास्टिक आमच्या गल्लीत कचऱ्यात जायचं नाही, अक्कांकडं जायचं. वेफर्सची चकचकीत पाकिटं, शांपूच्या पुड्या, बिस्किटांची वेष्टनं, पातळ पिशव्या. दुधाची पिशवी मात्र त्या हातात धरत नसत. "ती त्याला घाला. त्याच्या पोटावर कशाला पाय? तो घेत न्हाय ते मी घेतो," हा त्यांचा कायदा. दारातल्या दोरीवर लुगडं एक आणि पाकिटं शंभर, असं ते घर कोल्हापुरात नवख्या माणसालाही लांबून ओळखू यायचं.

या सगळ्याची व्हायची बसकरं. राखेच्या पाण्यात धुतलेलं प्लास्टिक वाळवायचं, कात्रीनं बारीक कातरायचं, जुन्या लुगड्याच्या खोळीत ठासून भरायचं आणि दाभणानं टाचायचं. पावसाळ्यात बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांच्या बुडाखाली चिखल असतो, आणि पोत्याची घडी एकदा भिजली की दिवसभर ओलीच. अक्कांचं बसकर पिळून झटकलं की पुन्हा बसायला तयार. त्यांतल्या उचगावच्या एका माळवंवालीनं तर "अक्का, मी मेल्यावर बी माझ्याखाली ह्येच घाला," असं सांगून ठेवलं होतं. अक्का ती बसकरं या बायकांना फुकटच देऊन टाकत.

त्यांच्याकडं प्लास्टिक देणं मात्र सोपं काम नव्हतं. पिशवी ठेवली आणि निघालं, असं चालायचं नाही. "थांब, बघू दे," म्हणत त्या ओट्यावर बसायच्या आणि एकेक पाकीट उलगडायच्या. "बिस्किटं लई दिसत्यात. कोण पावणं आलतं?" औषधाच्या दुकानाची पिशवी निघाली की, "कुणाला बरं न्हाय? सासूला? मग मला सांगायचं न्हाय व्हय?" मधेच अर्धा कप चहा पुढ्यात यायचा. मूठभर प्लास्टिकपायी अर्धा तास जायचा. बायका गल्लीतून जाताना अक्का दारात नाहीत ना, हे आधी बघत. मीही बघायची, खोटं कशाला सांगू?

अक्का नेसरीकडच्या. घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोललं जायचं, म्हणून मला त्या तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एक खोली, पुढं ओटा, मागं न्हाणी. एकदा मी विचारलं, "अक्का, एकटं वाटत नाही?" त्यांनी दाभण न थांबवता उत्तर दिलं, "सवड कुठं हाय एकटं वाटायला?" मी शाळेत पोरांना शिकवणारी शहाणी बाई. मला ते खरंच वाटलं.

मला एक जुना रोग आहे. कुणाचीही सोय लावून दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. नव्वदचं दशक संपता संपता पाकिटांचा सुकाळ झाला होता. अक्कांचे गुडघे धरले होते, आणि बायका त्यांच्या चौकशांना कंटाळल्या होत्या. मी गल्लीतल्या गणपती मंडळाच्या मागं लागून तालमीच्या कोपऱ्यावर एक पिंप ठेवून घेतलं. त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'अक्कांसाठी. धुऊन टाकावे.' दर रविवारी मंडळाची माणसं ते अक्कांच्या ओट्यावर रिकामं करून जायची. गणपतीत अक्कांना नारळ आणि शाल दिली. मी भाषण ठोकलं. सगळे खूश होते.

पिंप आठवड्याला तुडुंब भरू लागलं. अक्कांचा ओटा मात्र रिकामा पडला. हळूहळू त्या संध्याकाळी काठी टेकत पिंपाजवळ येऊन उभ्या राहू लागल्या. मला वाटलं, राखण करतायत. बायका येता जाता पिशवी आत टाकून "अक्का, टाकलं बघा!" म्हणत पुढं जायच्या. अक्का "व्हय, व्हय," म्हणायच्या आणि तिथंच उभ्या राहायच्या.

एका शुक्रवारी संध्याकाळी त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या. आधीचे दिवस असते, तर तासाभरात कोणीतरी पिशवी घेऊन दारात आलं असतं. आता कुणाला त्या दाराशी जायचं कारणच उरलं नव्हतं. रविवारी सकाळी मंडळाची माणसं पिंप घेऊन गेली, तेव्हा त्यांना आतून कण्हणं ऐकू आलं. मांडीचं हाड मोडलं होतं. दीड दिवस त्या ओल्या फरशीवर पडून होत्या.

दवाखान्यातून भाचा त्यांना नेसरीला न्यायला आला. जीपमध्ये बसवल्यावर मी त्यांचा हात धरला. "अक्का, माझंच चुकलं. ते पिंप ठेवायला नको होतं."

"तुझं काय चुकलं तंगी? मीच कवा 'या' म्हटलो न्हाय. 'प्लास्टिक द्या, प्लास्टिक द्या' म्हणत ऱ्हायलो." मग खाली बघत म्हणाल्या, "माणूस मागायची लाज वाटती की गं."

नेसरीला येते, असं मी त्यांना म्हणाले होते. परीक्षा, पाहुणे, लग्नं यांत दोन उन्हाळे गेले आणि मग त्या गेल्याचा निरोपच आला. नेसरी काही काशी नव्हे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता आलं असतं. मी गेले नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता मी निवृत्त आहे. हे गेले, मुलगी लांब आहे, घरात मी एकटीच असते. मागच्या महिन्यात शेजारी नवं बिऱ्हाड आलं. त्यांच्या सुनेला मी जिन्यात थांबवलं आणि म्हटलं, "काही काम नसलं तरी येत जा गं. मला एकटीला करमत नाही." ती हसून "येईन की," म्हणाली. अजून आलेली नाही. परवा मी तिला पुन्हा सांगितलं.