गिळायची नाही

गोदामातले सगळे त्याला नाकसाहेब म्हणायचे. पिंपांत वर्षानुवर्षं मुरणारी सिंगल माल्ट व्हिस्की बाटलीत भरण्याजोगी झाली की नाही, हे त्याचं नाक आणि जीभ ठरवायची. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा, हे त्याचं काम. आई शेजारणींना सांगायची, लोक गिळून पोट भरतात, माझा लेक थुंकून भरतो. त्यापलीकडे तिनं त्याच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नवरा दारूपायी गेलेला, आणि लेकाचा संसारही दारूवरच चाललेला. ते तिला आयुष्यभर सलत आलं.

अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी ती म्हणाली, "तुझी ती घेऊन ये. असतं काय तिच्यात, बघू दे एकदा."

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आता कशाला अडवताय.

त्यानं नमुन्याची बाटली आणली, पोटात फुगीर नि तोंडाशी चिंचोळे असे दोन ग्लास आणले. उशाशी वाडगं ठेवलं. आईला उशीला टेकवून बसवलं, खिडकीच्या उजेडात रंग दाखवला, काचेवरून सावकाश उतरणारे ओघळ दाखवले. तोंड जरा उघडं ठेवून वास घे म्हणाला, नाहीतर नाक चुरचुरतं.

"धूर आहे," ती पुटपुटली. "ओलं लाकूड पेटवल्यासारखा."

त्यानं चमच्यानं थेंबभर पाणी सोडलं. धुराच्या मागून मध आला. तिलाही तो लागला असावा, कारण तिनं ग्लास एकदम खाली घेतला.

"खरं सांग. चांगली आहे का?"

चांगली म्हणावं तर बापाची बाजू घेतल्यासारखं, आणि वाईट म्हणावं तर एवढ्या वर्षांत पिंपाबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता.

"चांगली आहे, आई. फार चांगली."

"तुझा बाप हीच प्यायचा?"

"नाही गं. त्यांना कुठली परवडायला? ते प्यायचे तो नुसता जाळ."

तिनं ग्लास पुन्हा उजेडात धरला.

"म्हणजे सगळं घर धुऊन नेलं, आणि चांगली चाखायलासुद्धा मिळाली नाही मेल्याला."

हे 'मेल्याला' तो लहानपणापासून ऐकत आला होता, पण आज त्याला धार नव्हती.

तिनं घोट घेतला. घोळव आणि थुंक, म्हणत त्यानं वाडगं पुढे धरलं. तिनं ते हातानं बाजूला सारलं आणि गिळली. ठसका लागला, डोळे भरून आले. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मग त्यानं आपला ग्लास उचलला. वाडगं कोरडंच राहिलं.