रत्नाबाईंचं उभं राहणं

सुप्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये रत्नाबाईंनी वर्षानुवर्षं उभ्यानं चपात्या लाटल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून मात्र त्या घरात एकट्या पडून होत्या. डॉक्टरांनी वॉकर धरून उभं राहायला सांगितलं होतं, पण पडायची धास्ती वाटे.

बंगळुरूला अंतराळवीरांच्या हाडांवर संशोधन करणाऱ्या लेकीचा, सुमेधाचा फोन आला.

"आई, अंतराळात हाडांवर भार पडत नाही. पेशींत ऑक्सिजनचे घातक रेणू वाढतात, हाडं झिजतात. नुसतं पडून राहिलं तरी हाडं झिजतातच. आज उभी राहिलीस ना?"

"व्हय. लई येळ."

"कुणाला धरून?"

"शेजारीण हाय की."

फोन ठेवल्यावर लेकीशी खोटं बोलल्याचं त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी वॉकर ओढला आणि कण्हत उभ्या राहिल्या. मग बराच वेळ तशाच राहिल्या. बसतं करायला घरात कुणीच नव्हतं.